बावन्न सेकंद

"बाई, तुम्ही सगळ्या मार्गदर्शकांना मार्क देता. मग तुम्हाला मार्क कोण देतं?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि टकळीला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घेतलं तर फार उपकार होतील. पण जमीन जागची हलली नाही. दाराआड उभ्या असलेल्या तिच्या दोन मैत्रिणीही हलल्या नाहीत. त्या एकमेकींचे हात आवळून उभ्या होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती.

त्याचं असं झालं. शाळेत तपासनीस बाई आल्या होत्या. त्या दर वर्षी येतात, तीन दिवस प्रत्येक मार्गदर्शकाच्या खोलीत मागच्या बाकावर बसतात, काहीतरी लिहितात आणि निघून जातात. सकाळपासून टकळी जिन्यात बसून बडबडत होती, की या आपल्या सरांच्या मागे वही घेऊन बसतात, पण यांच्या मागे वही घेऊन कोण बसतं?

"एवढी खुमखुमी आहे तर विचार ना त्यांनाच," उंच मैत्रीण म्हणाली.

"छे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत," चष्मेवाली म्हणाली.

झालं. टकळीला कुंपण दाखवलं की तिला पलीकडे उडी मारावीच लागायची. निदान या वर्षीपासून. मागच्या वर्षीपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा फक्त मैत्रिणींत चालायचा आणि मोठं माणूस समोर आलं की दातखीळ बसायची. या वर्षी काय झालं होतं कोण जाणे. तिलाही ठाऊक नव्हतं आणि तिने विचारही केला नव्हता. नवीन बूट घातले की माणूस चालत सुटतो, कोणी शिवले ते विचारत बसत नाही.

तपासनीस बाई बुटक्या होत्या. मनगटावर पुरुषी, मोठ्या तबकडीचं घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला फिरवून बांधलेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा प्रश्न तुला कोणी दिला?"

"कोणी नाही बाई. पैज होती."

"पैज विचारण्याची असेल. प्रश्न कोणाचा?"

"माझाच."

"हं." त्या थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. रागावल्यासारख्या मुळीच दिसत नव्हत्या. घरात हरवलेली वस्तू फडताळाच्या वर सापडावी तशा दिसत होत्या. "कोणी देत नाही. अठरा वर्षं झाली. माझे कागद कचेरीत जातात, तिथे त्यांच्यावर शिक्का बसतो आणि ते कपाटात जातात. मी बरोबर लिहिलं की चूक, कोणी बघितलेलं नाही."

मग त्यांनी पॅडखालून एक कोरा कागद काढला आणि तिच्या हातात दिला.

"आज तू बघ. माझ्या शेजारी बस. मी मोजते तेच तूही मोज. शेवटी कागद शेजारी ठेवू."

"काय मोजायचं?"

"शांतता," बाई म्हणाल्या. "मार्गदर्शकाने प्रश्न विचारला की घड्याळ सुरू. पुन्हा कोणीही तोंड उघडलं की बंद. मधले सेकंद लिहायचे. फॉर्मवर बाकीचे रकाने खूप आहेत, पण त्यांत माणसं आपल्याला हवं ते दाखवू शकतात. शांतता कोणाला खोटी करता येत नाही. शेवटच्या तासाला ये. नकाशांची खोली."

नकाशांची खोली म्हणजे समाधी सर. समाधी सर म्हणजे तिचेच मार्गदर्शक. आणि तिच्या दप्तरात, भूमितीच्या वहीत घडी करून ठेवलेला एक फॉर्म होता, ज्याची आठवण तिला आज नको होती.

या शाळेत आठवीपासून प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळतो. एकाकडे सहा जण. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, वर्षभर त्याच्या मागे लागायचं आणि गटाच्या ठरलेल्या तासाला, म्हणजे टकळीच्या गटात दर गुरुवारी शेवटच्या तासाला, मार्गदर्शकासमोर बसायचं. सगळ्यांना धबधबा बाई हव्या असत. धबधबा बाई बोलू लागल्या की थांबत नसत. काय वाचायचं, कुठली आकृती कुठे चिकटवायची, शेवटी काय लिहायचं, सगळं सांगून मोकळ्या. त्यांच्या मुलांच्या फायली अशा देखण्या, की पाहुणे आले की त्याच टेबलावर मांडायच्या. टकळीच्या मावसबहिणीला त्यांच्याच हाताखाली गेल्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि ती गोष्ट मावशीने फोनवर इतक्यांदा सांगितली होती की आईला ती पाठ झाली होती.

समाधी सर बरोबर उलट. ते एक प्रश्न विचारायचे आणि मग डोळे अर्धवट मिटून बसायचे. झोप लागली की काय असं वाटावं. मुलं पैजा लावायची, की सर आज घोरणार.

त्यांच्या सहांपैकी दोघं आधीच धबधबा बाईंकडे गेले होते. राहिले चार. चारांवर गट चालतो, तिघांवर चालत नाही, असा नियम होता. आणि भूमितीच्या वहीतला फॉर्म मार्गदर्शक बदलण्याचा होता. त्यावर बाबांची सही झाली होती, आईची आज व्हायची होती, उद्या शेवटची तारीख. 'कारण' या रकान्यात टकळीच्याच गोलगोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'सर काहीच सांगत नाहीत.'

हे काही खोटं नव्हतं. तिचा विषय होता शाळेतली घड्याळं. शाळेत भिंतीवर अकरा घड्याळं, आणि अकराच्या अकरा वेगळी वेळ दाखवणारी. तिने महिनाभर रोज जिने चढून-उतरून प्रत्येक घड्याळ ऑफिसातल्या मोठ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, कोण किती पुढे, कोण किती मागे, याचा रंगीत तक्ता केला. तक्ता असा झाला होता की तिचं तिलाच कौतुक. सरांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं,

"ऑफिसातलं घड्याळ बरोबर आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

आणि समाधी.

त्या दिवशी ती घरी येऊन रडली. आई तणतणली, "पोरीने महिनाभर मर मर मेहनत केली. तोंडातून एक शब्द कौतुकाचा नाही. हे कसले मार्गदर्शक, हे तर रस्त्यावरचे गतिरोधक." फॉर्मची कल्पना तेव्हाच निघाली होती.

हट्टाने टकळीने ऑफिसातल्या घड्याळावर पाळत ठेवली. आठवड्याला पावणेदोन मिनिटं मागे पडत होतं. मग शिपाईकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "काळजी नको गं. दर सोमवारी मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाने ते लावतो." आणि मनगटावरचं कशाने लावता? "हे काय, ऑफिसातल्या मोठ्या घड्याळाने." ती हसून हसून जिन्यात बसली होती. सगळा तक्ता पुन्हा करावा लागला. पण त्याचं श्रेय सरांना द्यावं असं काही तिच्या मनात आलं नाही. शोधलं तर तिनेच होतं.

आज गुरुवारच होता. शेवटच्या तासाला ती नकाशांच्या खोलीत नेहमीच्या जागेऐवजी मागच्या बाकावर, तपासनीस बाईंच्या शेजारी बसली. खोलीत गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात उभे होते, भिंतीवर टकळीचा नवा तक्ता लावलेला होता, एका खिडकीची काच तडकलेली होती, आणि टेबलावर दोन काचेच्या बरण्या होत्या. आज पाळी कुजबुजची होती.

कुजबुज म्हणजे गटातली सगळ्यांत लहान मुलगी, आठवीतली. ती बोलायची तेव्हा फक्त ओठ हलताना दिसायचे. हजेरीत तिचं 'हजर' कोणाला ऐकू जात नसे म्हणून निम्म्या वेळा तिची गैरहजेरी लागायची. तिने ओल्या कापसात घेवड्याच्या बिया पेरल्या होत्या. एक बरणी खिडकीत, एक कपाटात. खिडकीतलं रोप बोटभर, हिरवंगार, दोन पानं पसरून बसलेलं. कपाटातलं त्याच्या तिप्पट उंच, पण पिवळट, बारीक, बरणीबाहेर झुकलेलं.

"अंधारातलं जास्त वाढलं," कुजबुज ओठांतल्या ओठांत म्हणाली. "म्हणजे... रोपाला अंधार आवडतो."

सर दोन्ही बरण्यांकडे बघत होते.

"उंच झालं म्हणजे सुखात आहे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मनगट उलटं केलं. टकळीने आपलं स्टॉपवॉच दाबलं. घड्याळांच्या कामासाठी ते वर्षभर तिच्या खिशातच असायचं.

तीन. चार. पाच. कुजबुज खाली बघू लागली. नऊ. दहा. बाहेर कुठेतरी नळ ठिबकत होता. वीस. टकळीच्या जिभेवर शब्द नाचू लागले. तिला उत्तर येत होतं, निदान अर्धं तरी. सांगून टाकावं, बिचारीची सुटका होईल. पंचवीस. कुजबुजचे कान लाल झाले. सर मात्र नेहमीसारखे, डोळे अर्धे मिटून, जगाची चिंता नसल्यासारखे.

टकळीने मान थोडी वाकडी केली, आणि तिला टेबलाखालचं दिसलं.

समोर बसलं की दिसत नाही ते. वर्षभर ती समोरच तर बसली होती. टेबलाखाली सरांचा उजवा अंगठा डाव्या तळहातात रुतला होता. इतका, की नखाच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट दाबून धरलेला. वरचा चेहरा झोपाळू आणि खालचा माणूस धावत्या बैलाची वेसण ओढून धरावी तसा. त्यांचे ओठ एकदा उघडले. शब्द अगदी दाराशी आला होता. त्यांनी तो गिळला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

हा माणूस झोपत नव्हता. कधीच झोपला नव्हता.

टकळीच्या अंगावर काटा आला. आकाशात तारा आहे तिथेच असतो आणि एका रात्री आपल्याला कळतं की तो आपल्या पृथ्वीहून लाखो पटींनी मोठा आहे, तेव्हा येतो तसा. वर्षभरात तिच्यासमोर किती गुरुवार असे गेले असतील? तिच्या तक्त्यासमोर किती वेळा हा अंगठा असाच रुतला असेल? आणि ती तिकडे पैजा लावत होती.

चाळीस. कुजबुजने नाक ओढलं. ती आता रडणार हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. तपासनीस बाईंनी घाईने कागदावर आकडा लिहिला. टकळीने स्टॉपवॉच बंद केलं नाही, कारण कोणी तोंड उघडलं नव्हतं.

पंचेचाळीस. कुजबुजने हात पुढे केला आणि उंच रोपाला बोट लावलं. रोप लगेच वाकलं. तिने धाकट्या, हिरव्या रोपाला बोट लावलं. ते ताठ राहिलं. तिने पुन्हा उंच रोपाकडे पाहिलं, ते ज्या बाजूला झुकलं होतं तिकडे, कपाटात असताना दाराची फट ज्या बाजूला होती त्याच दिशेला. आणि मग ती बोलली. मागच्या बाकापर्यंत नीट ऐकू येईल अशा आवाजात.

"ते सुखात नाहीये, सर. ते उजेड शोधतंय."

स्टॉपवॉचवर बावन्न होते.

टेबलाखाली सरांचा अंगठा तळहातातून सुटला. तिथे अर्धचंद्रासारखी लाल खूण उमटली होती. "ते तू कसं तपासशील?" ते म्हणाले, आणि कुजबुज बोलू लागली ती थांबेचना. कपाटाचं दार दुसऱ्या बाजूने किलकिलं ठेवायचं, बरणी फिरवायची, खोक्याला भोक पाडायचं. ही कुठली मुलगी, असं टकळीला वाटलं. हजेरीत जिचा आवाज फुटत नाही ती ही?

तास संपल्यावर व्हरांड्यात बाईंनी दोन्ही कागद कठड्यावर शेजारी ठेवले. बाकी आकडे एखाद्या सेकंदाने इकडेतिकडे. फक्त एका ओळीत बाईंचे चाळीस आणि टकळीचे बावन्न.

टकळीने हळूच म्हटलं, "माझं चुकलं असेल."

"नाही. माझं." बाई आपल्या आकड्याकडे बघत होत्या. "मला वाटलं पोरगी रडणार, आता हे सांगून टाकणार. सगळेच सांगतात. म्हणून मी आधीच घड्याळ थांबवलं. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या धीराला मार्क देतेय आणि माझा धीर चाळिसाला सुटला." त्यांनी चाळीसवर काट मारली, बावन्न लिहिलं आणि शेजारी आपली सही केली. मग पेन टकळीसमोर धरलं. "तूही कर. दुरुस्ती तुझी आहे."

टकळीने सही केली. आयुष्यातली पहिली, कामाच्या कागदावर.

"बाई, बाकीच्यांचे किती येतात?"

"तीन. चार. कोणाचे दोन. कोणाचे ते विचारू नकोस."

"मला माहीतच आहे."

"तर मग गप्प बस," बाई म्हणाल्या, पण हसल्या. पॅड पिशवीत ठेवताना त्या सहज म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, "भिंतीवरचा घड्याळांचा तक्ता तुझाच ना? ऑफिसातल्या घड्याळाला कोण तपासतं, तो?"

"हो."

"आणि सकाळी मला काय विचारलंस?"

बाई गेल्या. टकळी कठड्याला धरून उभीच राहिली. सकाळी केवढ्या ऐटीत तिने सांगितलं होतं, प्रश्न माझाच. होताही तिचाच. पण त्याचं बी कोणी पेरलं, कधी पेरलं, तिला पत्ताच नव्हता. आणि पेरणाऱ्याने पाटीसुद्धा लावली नव्हती. मोठ्या माणसांसमोर दातखीळ बसणारी मुलगी दर गुरुवारी त्या शांततेत बसत गेली, आणि ती शांतता कोणीतरी भरायला हवी म्हणून भरत गेली. कधीतरी मधेच तिला आवाज फुटला होता. तिला वाटलं होतं, आपोआप.

ती नकाशांच्या खोलीत परत गेली. सर बरण्यांना पाणी घालत होते.

"सर, बावन्न सेकंद तुम्ही काय करत होता?"

सरांनी मान वर केली. पहिल्यांदाच पकडले गेल्यासारखे दिसले.

"उत्तर गिळत होतो," ते म्हणाले.

"अवघड असतं?"

"बोलणं सोपं गं. ते तर मला येतं. पहिली काही वर्षं मी एवढा बोलायचो की मुलं मला रेडिओ म्हणायची." ते थांबले. टेबलावर ऑफिसातून आलेली यादी होती. फॉर्म नेलेल्या मुलांची. टकळीला आपलं नाव उलटं वाचता आलं. सरांनीही ते वाचलेलं असणार.

आता ते म्हणतील, जाऊ नकोस. किंवा निदान, का जातेस. तिने वाट पाहिली. सर बरणीकडे बघत राहिले. हात पाठीमागे होते. तिला हात दिसत नव्हते, पण अंगठा कुठे असेल ते ठाऊक होतं.

गट मोडणार होता आणि हा माणूस तरीही तिचं उत्तर तिला देत नव्हता.

"येते सर," ती म्हणाली, आणि धावत सुटली. जिन्यात मैत्रिणींनी अडवलं, पैज जिंकल्याचं बक्षीस म्हणून पेन्सिलचा डबा पुढे केला. "नंतर," टकळी म्हणाली, आणि या मुलीला काय झालं म्हणून दोघी बघत राहिल्या.

घरी बाबा नुकतेच आले होते. बाबा मोटार चालवायला शिकवतात. त्यांच्या शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. आई रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. तिने पेन आधीच काढून ठेवलं होतं.

"आण तो फॉर्म. उद्या शेवटची तारीख. मावशीचा दोनदा फोन आला, सही झाली का म्हणून."

टकळीने फॉर्म टेबलावर ठेवला, पण हात त्यावरच ठेवला.

"बाबा, नवीन माणूस गाडी चालवतो तेव्हा तुमचा पाय कुठे असतो?"

"ब्रेकवर. आणखी कुठे?"

"मग दाबत का नाही?"

बाबा हसले. "प्रत्येक वळणावर दाबला तर तो जन्मात शिकायचा नाही. पाय ब्रेकवर आणि जीव मुठीत, हेच आमचं काम. संध्याकाळी पोटऱ्या दुखतात त्या उगाच नाही. लोकांना वाटतं, हा शेजारी बसून आयता पगार घेतो."

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं. त्याचा सहीशी काय संबंध?"

टकळीला सगळं एका दमात सांगायचं होतं. बरण्या, अंगठा, चाळीस आणि बावन्न, शिपाईकाकांचं घड्याळ, सगळं. पट्टा सुटणारच होता. तिने उजवा अंगठा डाव्या तळहातात दाबला आणि थांबली. आईने फॉर्म उचलला. 'कारण' वाचलं. मुलीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या पायाकडे बघत होते.

"सर काहीच सांगत नाहीत," आई सावकाश म्हणाली. "हे तूच लिहिलंस ना?"

"मीच. आणि ते खरं आहे."

बराच वेळ कोणी बोललं नाही. टकळीने मोजलं नाही. आई पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, काढत होती. शेवटी तिने ते लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"मग तुझं काय ठरलंय ते तरी कळू दे," आई म्हणाली.

"मी सर बदलत नाहीये," टकळीने सांगितलं. "गट चौघांचा आहे, चौघांचाच राहील. पुढच्या वर्षीही मी नकाशांच्या खोलीतच बसणार."